बिनबंदुकीचे नेमबाज

कोल्हारात बंदूक कुणाकुणाकडे आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं. ती किती जुनी, कुणाच्या आजोबांपासून वारसानं आली, शेवटचा बार कधी निघाला आणि त्यात काय मेलं, हेही ठाऊक असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘काही नाही’ असं असतं. अशा बंदुका मोजक्याच. मात्र बंदुकीबद्दल ठाम मत नसलेला पुरुष नगर-मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना शोधूनही सापडायचा नाही.

हे मत एरवी झोपलेलं असतं. उसात कुणाला वाघ दिसला की ते उठून बसतं. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. बिबट्या म्हणायचं ते फक्त वन खात्याच्या माणसासमोर.) सकाळी कुणाचं तरी कुत्रं गायब होतं, दुपारी ओल्या सरीत पंजाचा ठसा सापडतो, शेजारी काडेपेटी ठेवून त्याचा फोटो काढला जातो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर तज्ज्ञांची समिती बसते. समितीत एक निवृत्त फौजी, एक दूध डेअरीचे नाना, एक मास्तर आणि कॉलेजात नाव असलेला एक पोरगा एवढे लोक कायम. बाकीचे चहा संपेपर्यंत सदस्य.

“थ्री नॉट थ्री पाहिजे. खांद्यात बसली की जागेवर खाली,” फौजी ठराव मांडतात.

“अहो, पण उसात दिसला तर पाहिजे ना! उसात छर्राच. बारा बोअर आन् एलजीचं काडतूस. चार बोटं इकडं तिकडं झालं तरी एखादा लागतोच,” नानांची दुरुस्ती.

“नाना, त्याला एडब्ल्यूएमच लागंल,” पोरगा मोबाइलमधून मान न काढता म्हणतो. “पण ती दुकानात नसती. एअरड्रॉपमधी येती.”

“म्हंजी?”

“आभाळातून खोकं पडतं. त्यात आसती.”

आभाळातून आजवर आपल्याकडे फक्त मंत्री उतरलेत, असं नाना म्हणतात आणि चहा मागवतात. या पोराला हसू नये. पबजी नावाचा खेळ सरकारनं २०२० च्या सप्टेंबरात बंद केला आणि पुढच्याच वर्षी तो नाव बदलून परत आला. दरम्यान एक अख्खी पिढी अशी तयार झाली, की जिला स्वतःच्या वावराचा सातबारा वाचता येत नाही, पण ५.५६ ची गोळी कुठल्या बंदुकीत जाते आणि ७.६२ ची कुठल्या, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

नानांची बारा बोअर हा सगळ्यांच्या तोंडातला शब्द. पण बारा कशाचे, हे समितीत मास्तरांखेरीज कुणाला सांगता येत नाही. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी जेवढ्या जाडीची, तेवढं नळीचं भोक. म्हणजे सोळा बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक. छऱ्यांचंही तसंच उलटं. चार नंबरचा छर्रा मोठा, आठ नंबरचा लहान. एलजी म्हणजे मोठ्या शिकारीचा, एसजी म्हणजे लहान शिकारीचा. हे ऐकून नाना दुखावतात. आकडा वाढला की माल कमी होतो, हा हिशेब उसाच्या वजनकाट्यावर त्यांनी पुष्कळ पाहिलेला असतो. काडतुसातही तेच निघावं याचं त्यांना वाईट वाटतं.

एवढ्या चर्चेत एक गोष्ट कुणी काढत नाही. ती म्हणजे या देशात शिकारच बंद आहे. १९७२ साल आमच्या भागात दुष्काळामुळे लक्षात राहिलं. खडी फोडायला गेलेली आणि लाल मिलोची भाकरी खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. त्याच साली दिल्लीत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. बिबट्या त्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत खुर्ची मिळालेला. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकानं, हा माणसाच्या जिवावर उठलाय आणि पकडणंही शक्य नाही, असं कारणांसह लिहून दिल्याशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. रानडुकरासाठी अर्ज करता येतो. अडचण एवढीच, की डुक्कर रात्री येतं आणि कार्यालय सकाळी उघडतं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानं मात्र शेतकऱ्याची आठवण ठेवली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, गोळी घालायची, पुन्हा ठासायची, टोपी बसवायची. एवढं होईस्तोवर डुक्कर थांबेल, अशी कायद्याची अपेक्षा दिसते. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा. लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की जिल्हा परिषद. बंदूक घरापेक्षा ठाण्यात जास्त राहते आणि जनावरं लोकशाहीचा उत्सव भुईमुगाच्या वावरात साजरा करतात. साखर कारखान्याच्या निवडणुकीला मात्र बंदुका जमा केल्याचं ऐकिवात नाही. आमच्या भागात खरी चुरस तिथंच असते, हे वरच्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता उरला प्रत्यक्ष नेम. तो पाहायचा तर पौष पौर्णिमेला भगवतीमातेच्या यात्रेत यावं. पाळणे, रेवड्या, गोडीशेव यांच्या पलीकडे एका फळीवर रंगीत फुगे टांगलेले असतात आणि समोर टेबलावर दोन छऱ्याच्या बंदुका. वर्षभर टपरीवर ज्यांनी बिबटे लोळवलेले असतात, त्यांची परीक्षा इथं होते. अंतर दहा-बारा पावलं. फुगा हलत नाही, गुरगुरत नाही, उसात पळत नाही. तरीही चुकतो.

चुकतो त्याला कारण आहे. ही बंदूक मधून मोडून छर्रा भरायचा असतो. दिवसात शेकडो वेळा मोडून तिच्या नळीला आणि मोडीच्या खिळीला स्वतःचं एक मत आलेलं असतं. माशी कुठं, नळी कुठं. छर्रेही डब्यात एकमेकांवर आपटून चेपलेले. छऱ्याची कंबर बारीक आणि मागचा घेर पातळ असतो. तो घेर नळीत गच्च बसला तर छर्रा सरळ जातो, चेपला असेल तर मनाला येईल तिकडे. पहिला गडी येतो, लाल फुग्यावर नेम धरतो, आणि फळीत खट्ट! दुसरा, खट्ट! तिसऱ्याला तो बंदुकीला शिव्या घालतो. शिवी बरोबर असते, उपयोग नसतो.

फौजींची पद्धत पाहण्यासारखी. ते पहिला छर्रा फुग्यावर मारतच नाहीत. फळीवरच्या एका डागावर मारतात आणि भोक कुठं पडलं ते बघतात. डागाच्या उजवीकडे दोन बोटं, खाली एक बोट. दुसराही तसाच, त्याच जागी पडला का ते बघायला. मग तिसऱ्यापासून ते फुग्याच्या डावीकडे आणि किंचित वर नेम धरतात आणि फुगे फुटायला लागतात. पलटणीत याला झिरो करणं म्हणतात. बंदूक कुठं मारते ते आधी तिलाच विचारायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, घोडा ओढायचा नाही, दाबत न्यायचा. बार कधी निघाला ते आपल्यालाही कळू नये. हे सगळं ते गावाला फुकट शिकवतात. गाव ऐकत नाही, कारण गावाला नेम शिकायचा नसतो, फुगा फोडायचा असतो. एक नवी नवरी मात्र शेजारी उभं राहून हे निमूट ऐकते, नवऱ्याच्या हातातून बंदूक घेते आणि लागोपाठ चार फुगे उडवते. नवरा सगळ्यांना सांगतो, “तुक्का लागला.” चार वेळा लागतो त्याला तुक्का म्हणायचं असेल, तर नवऱ्याचे आठ खट्ट हे कशात धरायचे?

बंदुकीच्या मर्जीची ही भानगड जत्रेतच असते असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीचं कांस्यपदक घेतलं, तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी कोल्हापूरच्या जागी कोल्हार ऐकलं आणि तासभर अभिमान बाळगला. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं, अशा तिन्ही अवस्थांत त्यात गोळी घालायची. हे नेमबाज बावीसच्या गोळ्यांचे खोके घेतात तेव्हा एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, पण वेगवेगळ्या लॉटचे घेतात. बंदूक शिकंज्यात आवळून एकेक लॉट मारून बघतात, आणि त्या नळीला जो मानवेल तोच उचलतात. नळीला आवड-निवड असते हे ऑलिंपिकवाल्यांना मान्य आहे. जत्रेतल्या फुगेवाल्यालाही मान्य आहे, पण तो बोलत नाही.

दारूगोळ्याची निवड म्हटली, तर नगर जिल्ह्यानं कुणाकडून शिकवणी घ्यायची गरज नाही. विजापूरला आज मिरवत बसलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याच्या रूमीखानानं तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्या, असं फिरिश्ता लिहून गेलाय. पुढे मोगलांनी नगरचा किल्ला वेढला तेव्हा चांदबीबीचे गोळे संपले. मग तिनं आधी तांब्याची नाणी डागली, ती संपल्यावर चांदीची, मग सोन्याची, आणि शेवटी जडजवाहीर, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी असो, पण शत्रूला श्रीमंत करून सोडणारा दुसरा दारूगोळा इतिहासात दाखवा. नानांना ही गोष्ट फार आवडते. “आपल्याकडं पैसा कायम असाच उडालाय,” ते म्हणतात.

जिल्ह्यात नेमाची एक जुनी नोंदही आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या साहेबानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, असं नोंदलंय. माणूस नुसता नेमाचा नाही, हिशेबाचाही पक्का असणार; हजाराला एकोणचाळीस कमी पडले हे त्यानं मोजून ठेवलं. आता आमच्या जिल्ह्यात माळढोकाच्या नावाचं अभयारण्य आहे आणि माळढोक पाहिलेल्या माणसाची मुलाखत पेपरात येते.

फौजी आणि नाना यांच्या भांडणात तथ्य आहे ते एका मुद्द्यावर. गोळी आरपार जावी की आत फुटावी? लष्कराची गोळी कडक कवचाची असते, भोक पाडून निघून जाते. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यानं पुढचं टोक उघडं ठेवलेली गोळी काढली. ती अंगात गेली की फुलते आणि मोठी जखम करते. जगभर आरडाओरडा झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत लढाईत अशी गोळी वापरायला बंदी आली. गंमत पुढेच आहे. इंग्लंडात हरणाची शिकार करायची, तर कायद्यानं फुलणारीच गोळी वापरावी लागते, कडक कवचाची चालत नाही. कारण आरपार भोक पडलेलं हरीण पळतं आणि झुडपात तळमळत मरतं. फुलणारी गोळी त्याला तिथंच संपवते. म्हणजे जी गोळी माणसाला मारताना क्रूर ठरली, तीच हरणाला मारताना दयाळू. मास्तरांनी हे सांगितल्यावर टपरीवर सगळे एकदम गप्प झाले. नंतर फौजी म्हणाले, “माणसाचं तसंच असतं.” त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण माना सगळ्यांनी हलवल्या.

हा फुटणाऱ्या गोळीचा प्रश्न आमच्या म्हाताऱ्या बायकांनी केव्हाच सोडवलाय. ज्वारीची रानं आता कमी झाली, तरी कोरडवाहू पट्ट्यात हुरड्याच्या दिवसांत अजून माळा उभा राहतो आणि त्यावर गोफण घेऊन एखादी आजी. गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मधे विणलेली खोळ. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत. डोक्यावरून गरगर फिरवायची आणि बरोबर वेळेला चिमूट सोडायची. वेळ चुकली, तर मागे न्याहारी घेऊन आलेला नातू जखमी. या आजीपाशी दारूगोळ्याचे दोन ढीग असतात, एक गोट्यांचा आणि एक ढेकळांचा. गोटा लांब जातो, सरळ जातो. पण तो ताटात पडून कणसं मोडतो, उद्या कुळवाच्या फासेत अडकतो, आणि बांधापलीकडे गेला तर भाऊबंदकीत जातो. ढेकूळ हवेतच फुटतं, थव्यावर मातीची सर पडते, पाखरं उठतात आणि माती मातीत मिळते. गोटा फक्त लांबच्या बाभळीवर बसलेल्या पोपटांसाठी, तोही बाभळीच्या खोडावर. “लागला नाय पाहिजे,” आजी सांगते, “लागला तर एकच जातो. वाजला तर समदे जात्यात.” राहात्याकडच्या पेरूच्या बागांतले लोक हल्ली जाळी टाकतात, फटाके लावतात, डबे वाजवतात. नेम नावाची गोष्ट त्यात उरली नाही. आजीला ते पोरकट वाटतं.

बिबट्याकडे परत येऊ. १९२६ साल मोठं योगाचं. त्या वर्षी मे महिन्यात तिकडे गढवालमध्ये जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा बिबट्या मारला, सव्वाशे माणसं खाल्लेला. त्याच वर्षी डिसेंबरात इकडे भंडारदऱ्याच्या धरणाचं उद्घाटन झालं. धरणाचं पाणी प्रवरेच्या कालव्यांना आलं, कालव्यांवर ऊस आला, १९५० च्या सुमारास हाकेच्या अंतरावर लोणीला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग आणखी ऊस, आणि उसात बिबटे. एक मारला, शेकड्यांची सोय झाली. आमच्या उसात जन्मलेल्या बिबट्यानं डोंगर पाहिलेलाच नसतो. तोड सुरू झाली की त्याला वाटतं, अतिक्रमण हटाववाले आले.

कॉर्बेटची गोष्ट टपरीवर निघते तेव्हा सगळ्यांना त्याची .२७५ रिग्बी रायफल आठवते. तो अलकनंदेच्या पुलाच्या मनोऱ्यावर रात्रीमागून रात्री नुसता बसून राहिला, ते कुणाला आठवत नाही. शेवटच्या रात्री आंब्याच्या झाडावरून त्यानं एक गोळी झाडली, तेवढ्यात विजेरी गेली, आणि लागली की नाही हे न कळता पहाटेपर्यंत तसाच अंधारात बसला. आमच्या समितीतला एकही सदस्य चहाविना एवढं बसू शकत नाही.

आता बिबट्यावर झाडतात ती औषधाची सुई. ही सुई मारणारी बंदूक न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक नावाच्या औषधविक्रेत्यानं १९५० च्या दशकात काढली. बिबट्या विहिरीत पडला किंवा गोठ्यात कोंडला गेला, की वन खात्याची गाडी येते आणि तिच्यातून पशुवैद्य उतरतात. फौजींना पहिल्यांदा धक्का बसतो तो इथं. त्यांच्या थ्री नॉट थ्रीची गोळी शंभर मीटर सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात कापते आणि तेवढ्यात वीतभरही खाली येत नाही. औषधाची सुई जड आणि मंद. तीस मीटरवर ती सुमारे दोन हात खाली येते. शिवाय ती कुठंही लागून चालत नाही. मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड मासातच बसली पाहिजे. बरगडीत गेली तर जनावर जायचं, हाडावर लागली तर सुई परत यायची.

आणि औषध किती भरायचं? केटामिन आणि झायलाझिन, वजनाच्या हिशेबानं. वजन करायला बिबट्या काट्यावर येत नाही, त्यामुळे ते बघून ठरवायचं. इथं गाव मदतीला धावतं. लोणीच्या बाजारात बोकडाचं वजन डोळ्यांनी सांगणारी माणसं गच्च्यांवर, ट्रॅक्टरवर, चिंचेवर जमलेली असतात. “शंभर किलो आरामशीर.” “शंभर? सव्वाशे धरा, शेपूट बघा.” पशुवैद्य गुपचूप चाळीसचा डोस भरतात. मादी असते, अडतीस निघते.

मग नेम. पशुवैद्य हात वर करून शांतता मागतात. त्याच वेळी कुणाच्या तरी खिशात भगवतीमातेची आरती वाजू लागते. सुई सुटते, ‘फट्’ असा अगदीच किरकोळ आवाज होतो आणि बिबट्या मांडीला सुई घेऊन सरळ उसात जातो. लोकांचा विरस होतो. पडला नाही! चुकला! पशुवैद्य घड्याळ बघतात आणि म्हणतात, “आता पंधरा मिनिटं कुणीही हलायचं नाही.” औषध चढायला तेवढा वेळ लागतो. त्या पंधरा मिनिटांत नेम दोन बोटं मागं पडला, डोस कमी झाला, वारा आडवा होता आणि मुळात एलजीच पाहिजे होतं, हे सगळं हलक्या आवाजात सिद्ध होतं. पोरगा व्हिडिओ काढत असतो. फौजी मात्र पहिल्यांदाच काही बोलत नाहीत. ते पशुवैद्यांच्या हातांकडे बघत असतात.

वेळ भरल्यावर चौघं-पाच जण काठ्या घेऊन सरीत शिरतात. बिबट्या तिसऱ्या सरीत डोळे उघडे ठेवून आडवा. त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकतात, झोळीत घेतात, पिंजऱ्यात ठेवतात, उताऱ्याचं इंजेक्शन देतात. बाहेर आल्याबरोबर पशुवैद्यांभोवती गराडा पडतो, फोटो निघतात, कुणी नारळ देतं. गर्दीतून वाट काढत नाना पुढे येतात, पशुवैद्यांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतात आणि विचारतात, “साहेब, आलाच आहात तर आमच्या गाईकडं जरा बघता का? दोन दिवस झाले, वैरणीला तोंड लावीना.”